न्याहारी कोणाची आणि धान्य कोणाचें?

मनुष्य दुपारीं व रात्रीं काय खातो यांत ऋतुमानाप्रमाणें, सणावाराप्रमाणें आणि पाहुण्यांच्या मानाप्रमाणें पुष्कळ फरक पडतो. सकाळच्या खाण्याचें तसें नसतें. ज्या घरांत सकाळीं भाकरी खाण्याचा प्रघात आहे तेथें ती वर्षानुवर्षें चालते, आणि ज्या घरांत पाव शिरला तेथें तोही तसाच ठाण मांडून बसतो. सकाळच्या गडबडींत नवा विचार करण्यास कोणास सवड नसते. हात संवयीनें चालतो. म्हणून न्याहारी हा विषय वरवर पाहतां स्वयंपाकघरांतला असला तरी शेतकऱ्यानें तो आपल्या धंद्याचा विषय म्हणून विचारांत घेतला पाहिजे. रोज, ठरलेल्या वेळीं आणि ठरलेल्या प्रमाणांत धान्य मागणारी ही जी संवय, तिच्यापेक्षां भरंवशाचें गिऱ्हाईक शेतमालाला दुसरें मिळणें कठीण.

निरनिराळ्या देशांतील लोक सकाळीं काय खातात याची नुसती गमतीची यादी देण्याचा येथें हेतु नाहीं. प्रत्येक ठिकाणीं तीन प्रश्न विचारावयाचे आहेत. तें धान्य कोणाच्या शेतांतलें? तें खाण्याजोगें कोणीं केलें? आणि त्याचा पैसा कोणाच्या पदरांत पडला? या तीन प्रश्नांचीं उत्तरें लक्षांत घेतलीं म्हणजे आमच्या ज्वारी-बाजरीची आज जी स्थिति झाली आहे तिचीं कारणें उघड होतील, आणि आपल्या संघानें काय करावें हेंही ठरवितां येईल.

जसें शेत तशी न्याहारी

पूर्वापार पाहिलें तर सर्व देशांत सकाळचें खाणें हें जवळच्या शेतांतून आलेलें असतें. चीन देशाच्या उत्तर भागांत गहूं पिकतो. तेथें सकाळीं वाफेवर उकडलेले गव्हाच्या कणकेचे गोळे, किंवा तळलेल्या कणकेच्या कांड्या आणि सोयाबीनचें ऊन दूध घेतात. दक्षिणेकडे भात पिकतो, म्हणून तेथें तांदळाची पेज चालते. जपानांत भात, आंबविलेल्या सोयाबीनच्या मिसोचें सार, लोणचें आणि मासळीचा तुकडा ही जुन्या वळणाची न्याहारी होय. इथिओपियांत टेफ नांवाचें राजगिऱ्यासारखें अगदीं बारीक धान्य होतें. त्याचें पीठ आंबवून आंबोळीसारखा मोठा इंजेरा करतात, आणि आदल्या दिवशींच्या इंजेराचे तुकडे मसाल्यांत परतून सकाळीं खातात. आमच्याकडील फोडणीच्या भाकरीचीच ही बहीण म्हणावयाची. तुर्कस्तानांत न्याहारीला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ ‘कॉफीच्या आधींचें’ असा आहे. परंतु विसाव्या शतकांत काळ्या समुद्राच्या कांठीं रिझे प्रांतांत चहाची लागवड वाढली आणि ऑलिव्ह, चीज, काकडी व मध यांच्याबरोबर तेथील घराघरांत चहा आला. शेतांतलें पीक बदललें तेव्हां शब्द जुनाच राहिला आणि पेला मात्र बदलला.

मेक्सिकोचें उदाहरण विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. मका ही त्या देशाची भूमिपुत्री. तेथील लोक मका कळीच्या चुन्याच्या पाण्यांत शिजवून, रात्रभर तसाच ठेवून, मग धुऊन वाटतात, आणि त्या लगद्याच्या पातळ पोळ्या भाजतात. ही क्रिया हजारों वर्षांची आहे. पुढें अमेरिका खंडांतून मका युरोपांत गेला. दाणा गेला, परंतु चुन्याची युक्ति मागेंच राहिली. उत्तर इटलींत आणि स्पेनच्या कांहीं भागांत गरीब लोक केवळ मक्यावर राहूं लागले, आणि त्यांना पेलाग्रा नांवाचा रोग जडला. कातडी काळवंडून सोलते, पोट बिघडतें आणि अखेर बुद्धिभ्रंश होतो असा हा रोग. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांतही त्यानें हजारों माणसें खाल्लीं. हा रोग संसर्गाचा नसून अन्नाचा आहे हें डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनीं १९१४ सालापासूनच्या आपल्या प्रयोगांनीं दाखविलें, आणि त्यास लागणारें जीवनसत्त्व नायसिन होय हें १९३७ सालीं निश्चित झालें. मक्यांतील नायसिन बांधलेल्या स्थितींत असतें. चुन्याच्या पाण्यानें तें मोकळें होतें. यावरून असें दिसतें कीं बियाण्याइतकीच तें शिजविण्याची विद्याही मोलाची असते. धान्य घेतलें आणि विद्या टाकली तर माणसाचें नुकसान होतें.

येथें आपल्याविषयींही एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. हैदराबाद येथील पोषण-संशोधकांनीं १९६० च्या सुमारास दख्खनमधील गरीब ज्वारीखाऊ लोकांतही पेलाग्रा आढळतो असें नमूद केलें. तेव्हां ज्वारीची वाखाणणी करतांना ती एकटीच पुरेशी आहे असें कोणीं समजूं नये. भाकरीबरोबर पिठलें, डाळ, ताक, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी हीं जीं आमच्या आजीच्या ताटांत असत तीं शोभेसाठीं नव्हतीं. भाकरी ठेवून हीं काढून घेतलीं तर ती न्याहारी अपुरीच होय.

ओटचा दाणा जगभर कसा गेला

आतां दुसरा प्रश्न, धान्य खाण्याजोगें कोणीं केलें हा. स्कॉटलंड हा थंड व पावसाळी देश. तेथें गहूं नीट पिकत नसे, ओट पिके. त्या लोकांनीं ओटच्या भरड्याची लापशी हीच आपली न्याहारी केली. इंग्लंडांत ओट घोड्यांपुढें टाकीत, आणि डॉ. जॉन्सन यांनीं १७५५ सालच्या आपल्या कोशांत त्यावरून स्कॉच लोकांची थट्टाही केली. तेंच हलकें समजलेलें धान्य आज मुंबई-पुण्याच्या दुकानांत आमच्या ज्वारीच्या कितीतरी पट भावानें विकलें जातें. हें कसें घडलें?

ओटच्या दाण्यांत स्निग्धांश पुष्कळ असतो, आणि तो फोडणारें द्रव्यही त्याच दाण्यांत असतें. दाणा भरडला कीं तीं दोन्ही एकत्र येतात आणि पीठ थोड्याच दिवसांत कडू होतें. स्कॉटलंडचे गिरणीवाले पहिल्यापासून ओट भट्टीवर भाजून मगच भरडीत. पुढें अमेरिकेंत वाफेनें दाणा तापवून, रुळांत दाबून त्याचे चपटे पोहे करण्याची कृति आली. वाफेनें तें कडू करणारें द्रव्य निकामी होतें, माल महिनोगणती टिकतो आणि घरीं थोड्या मिनिटांत शिजतो. ओहायो संस्थानांतील एका गिरणीनें १८७७ सालीं ‘क्वेकर’ हें चिन्ह नोंदविलें, आणि पिंपांतून सुटा विकला जाणारा ओट लहान, बंद पुड्यांतून चिन्हानिशीं विकण्यास आरंभ झाला. दाणा तोच, परंतु तो टिकाऊ, झटपट आणि ओळखीचा झाला.

आमच्या बाजरीला नेमकी हीच खोड आहे. बाजरीचें पीठ आठपंधरा दिवसांत कडवट लागतें हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे, आणि म्हणूनच शहरांतील दुकानदार तें ठेवण्यास नाखूष असतो. बाजरीचा दाणा दळण्यापूर्वीं थोडा वेळ कढत पाण्यांतून काढून वाळविला, किंवा कोरडाच तापविला, तर पीठ अधिक दिवस टिकतें हें संशोधनानें सिद्ध झालेलें आहे. ओटच्या खोडीवर भट्टीवाल्यानें उपाय काढला. बाजरीच्या खोडीवरचा उपाय कागदांतच राहिला. दोन धान्यांच्या नशिबांत फरक पडला तो मुख्यतः एवढाच.

मक्याच्या पोह्यांची कथाही अशीच आहे. मिशिगन संस्थानांतील बॅटल क्रीक या गांवीं डॉ. जॉन केलॉग यांचें एक आरोग्यधाम होतें. तेथील रोग्यांना पचण्यास हलकें अन्न द्यावें या हेतूनें १८९४ सालीं शिजलेल्या गव्हाचे रुळांतून काढलेले पापुद्रे भाजण्याची कृति सांपडली. पुढें तीच मक्यास लावण्यांत आली. १९०६ सालीं त्यांचे बंधु विल केलॉग यांनीं मक्याच्या या पोह्यांचा स्वतंत्र कारखाना काढला. त्याच आरोग्यधामांत पूर्वीं रोगी म्हणून राहून गेलेल्या पोस्ट नांवाच्या गृहस्थानें त्याआधींच आपला कारखाना उभारला होता, आणि थोड्याच वर्षांत त्या लहानशा गांवांत अशा कारखान्यांचें पेवच फुटलें. रोग्यांसाठीं निघालेला हा पदार्थ पुढें साखर घालून मुलांसाठीं विकला जाऊं लागला. यांत अमेरिकन मका-शेतकऱ्याच्या वाट्यास काय आलें? पुड्याच्या किंमतींत दाण्याची किंमत अत्यल्प. बाकीचा पैसा कारखान्याचा, जाहिरातीचा, वाहतुकीचा व दुकानदाराचा. शेतकरी पूर्वीं मका विकीत होता तसाच पुढेंही विकीत राहिला. न्याहारी बदलली, परंतु त्याची पायरी बदलली नाहीं.

डेन्मार्कच्या शेतकऱ्यानें काय केलें

याच्या उलट उदाहरण डेन्मार्कचें. तें जरा विस्तारानें सांगतों, कारण शेतकऱ्यांच्या संस्थेस शिकण्यासारखें यांत फार आहे.

इंग्लंडांतील सुखवस्तु घरांत सकाळीं खारविलेलें डुकराचें मांस, अंडीं, भाजलेला पाव आणि लोणी हा प्रघात एकोणिसाव्या शतकांत दृढ झाला, आणि पुढें तो कामगारांच्या घरांतही उतरला. तेवढा माल त्या देशांत निपजेना. त्याच सुमारास, म्हणजे १८७० नंतर, अमेरिकेचा व रशियाचा स्वस्त गहूं युरोपच्या बाजारांत लोटला आणि भाव कोसळले. डेन्मार्कचा शेतकरी तोंवर धान्य विकून पोट भरीत असे. त्याच्यावर मोठेंच संकट ओढवलें. त्यानें धान्य विकणें सोडून तें जनावरांना चारण्याचें ठरविलें, आणि दूध, लोणी, मांस व अंडीं यांच्या रूपानें तें विकूं लागला.

१८७८ च्या सुमारास दुधांतून साय वेगळी करणारें फिरतें यंत्र निघालें. एकट्या शेतकऱ्यास तें झेपणारें नव्हतें. १८८२ सालीं पश्चिम जटलंडमध्यें येडिंग येथें शेजारच्या शेतकऱ्यांनीं मिळून पहिली सहकारी लोणीशाळा काढली. नियम थोडे पण कडक होते. सभासदानें आपलें सर्व दूध तेथेंच घालावें. नफा भांडवलाच्या प्रमाणांत न वांटतां ज्यानें जितकें दूध घातलें त्या प्रमाणांत वांटावा. मत माणसागणिक एक, गाईगणिक नव्हे. साय काढून उरलेलें दूध सभासदास परत मिळे, आणि तें तो डुकरांस पाजी. १८८७ सालीं जर्मनीनें डेन्मार्कहून जिवंत डुकरें आणण्यास बंदी केली. दुसरा कोणी हात जोडून बसला असता. डॅनिश शेतकऱ्यांनीं त्याच सालीं होर्सेन्स येथें आपला पहिला सहकारी मांस-कारखाना काढला आणि तयार माल इंग्लंडास धाडण्यास आरंभ केला. इंग्रज गिऱ्हाइकास चरबी कमी व पाठ लांब असलेला माल आवडतो असें दिसतांच त्यांनीं त्याप्रमाणें जनावरांची निपज सुधारली, आणि १९०७ सालापासून कोणत्या जोडीचीं पिलें कशीं निपजतात याची रीतसर परीक्षा सुरू केली.

अंड्यांचीही हीच व्यवस्था. १८९५ सालीं निघालेल्या त्यांच्या संघांत प्रत्येक अंड्यावर सभासदाच्या नंबराचा शिक्का असे. लंडनमध्यें अंडें नासकें निघालें तर तें कोणाच्या खुराड्यांतलें हें कळे आणि त्याला दंड होई. लोण्यासाठीं १९०१ सालीं जुन्या रणशिंगाच्या आकृतीचें एक सामाईक चिन्ह नोंदविण्यांत आलें, आणि पुढें परदेशीं जाणाऱ्या लोण्यावर तें कायद्यानें सक्तीचें झालें. म्हणजे माल हजारों घरांतला, पण हमी एक.

धर्माच्या किंवा रुचीच्या दृष्टीनें हे पदार्थ आमच्या पुष्कळ वाचकांस चालणार नाहींत. तो प्रश्न वेगळा. पाहावयाचें तें इतकेंच कीं परक्या देशाच्या न्याहारीवर एका लहान देशाच्या शेतकऱ्यांनीं आपला संसार सावरला, आणि तो कोणा कारखानदाराच्या हातीं आपला माल कच्चा न देतां सावरला. याच तत्त्वावर १९४६ सालीं खेडा जिल्ह्यांतील दूध-उत्पादकांनीं आणंद येथें आपला संघ काढला, आणि आज देशभर पावावर लावण्यांत येणाऱ्या लोण्याचा मोठा हिस्सा त्या परंपरेंतला आहे.

जपानची न्याहारी आणि जपानचें भातखाचर

न्याहारी बदलली तर शेताचें काय होतें हें जपानांत फार स्पष्ट दिसतें. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशांत अन्नाची मोठी टंचाई होती. १९५४ सालीं शाळेंतील मुलांच्या जेवणाचा कायदा झाला, आणि त्याच काळांत अमेरिकेचा शिल्लक गहूं करारानें येऊं लागला. शाळेंत मुलांना पाव व दूध मिळूं लागलें. तीं मुलें मोठीं झालीं तेव्हां सकाळीं पाव खाणें त्यांना परकें वाटेना. १९६२ सालीं जपानांत माणशीं वर्षाला सुमारें ११८ किलो तांदूळ लागत असे. आज तो ५० किलोंच्या आसपास आला आहे. याला केवळ न्याहारी कारण नाहीं, समृद्धीबरोबर मांस, दूध व तेल वाढलें हेंही खरें. तथापि पहिली भेग सकाळच्या ताटांत पडली.

शेतावर परिणाम काय झाला? तांदूळ फार होतो म्हणून १९७० च्या सुमारापासून सरकारनें भाताखालची जमीन कमी करण्यासाठीं शेतकऱ्यांना पैसे देण्यास आरंभ केला, आणि ती पद्धति २०१८ पर्यंत चालली. शाळेंत भात पुन्हां आला तो १९७६ सालीं. तोंवर एक पिढी पावावर वाढली होती. मग २०२४ सालीं दुकानांत तांदूळ मिळेना. वर्षभरांत भाव दुपटीच्या घरांत गेला, आणि २०२५ सालीं सरकारला राखीव साठा बाहेर काढावा लागला. शेतकरी म्हातारे झाले होते, खाचरें मोडलीं होतीं. खाणें सोडण्यास एक पिढी पुरते; परंतु सोडलेलें शेत व हरवलेला शेतकरी हे मागणी परत येतांच त्याच हंगामांत उभे करतां येत नाहींत.

आमच्या ताटांत काय घडलें

आतां आपल्याकडे वळूं. देशावर सकाळीं ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, तिच्याबरोबर ठेचा, पिठलें, कांदा अथवा दूध; कोंकणांत तांदळाची पेज व भाकरी; घाटमाथ्यावर नाचणीची आंबील, ही आमची न्याहारी होती. आज शहरांत तर नाहींच, परंतु खेड्यांतही पुष्कळ घरीं सकाळीं चहा आणि त्यांत बुडविलेलें बिस्कीट अथवा टोस्ट हीच न्याहारी झाली आहे. ज्वारीच्या शेताच्या बांधावर बसून मैद्याचें बिस्कीट खाणारा शेतकरी हें आतां नवलाचें दृश्य राहिलें नाहीं.

महाराष्ट्रांत १९६०-६१ सालीं ज्वारीखालीं सुमारें ६२ लाख हेक्टर जमीन होती. आज ती एक तृतीयांशावर किंवा त्याहूनही खालीं आली आहे. याचा दोष केवळ नव्या पिढीच्या चवीवर टाकणें बरोबर नाहीं. १९५६ पासून अमेरिकेचा गहूं करारानें आला. १९७२ च्या दुष्काळांत तांबडी मिलो आली, आणि ज्वारी म्हणजे दुष्काळाचें व गरिबाचें अन्न हा समज अधिकच पक्का झाला. पुढें स्वस्त धान्याच्या दुकानांत मुख्यतः गहूं व तांदूळच मिळत राहिले, आणि २०२३ पासून ते गरीब कुटुंबांना मोफत मिळूं लागले. फुकटच्या गव्हाशीं विकतच्या ज्वारीनें कशी बरोबरी करावी? खरिपांत सोयाबीनला रोख पैसा अधिक मिळाला. ज्वारी काढणीस मजूर मिळेनात. रब्बी ज्वारी उपटून काढणें हें कंबर मोडणारें काम आहे, आणि पाखरें राखण्यास आतां घरांत मुलें मोकळीं नसतात. पोळीच्या कणकेस जो चिवटपणा असतो तो ज्वारीच्या पिठांत नसतो. म्हणून भाकरी थापण्यास हाताचें कसब लागतें, आणि तें कसब नोकरीवर जाणाऱ्या सुनेपाशीं नसलें तर तिला दोष देण्यांत अर्थ नाहीं.

हीं सर्व कारणें खरीं आहेत. परंतु हिशेबांत एक रकम मांडावयाची राहून जाते, ती कडब्याची. ज्वारी ही माणसाची व जनावराची अशी दुहेरी न्याहारी होती. दाणा घरांत गेला कीं कडबा गोठ्यांत जाई. सोयाबीनच्या शेतांतून गोठ्यासाठीं त्या तोलाचें कांहींच येत नाहीं. ज्यांनीं ज्वारी सोडली त्यांनीं कडबा विकत घेण्यास आरंभ केला, आणि तो महाग झाला तेव्हां जनावरें विकलीं. जनावरें गेलीं तेव्हां शेणखत गेलें. एकरीं उत्पन्नाचा ताळा करतांना या तीन रकमा धरल्या तर ज्वारी आज समजली जाते तितकी तोट्याची ठरत नाहीं, असें आमचें मत आहे. प्रत्येकानें आपल्या वहीवरून तें ताडून पाहावें.

संघानें काय करावें

संयुक्त राष्ट्रसंघानें भारताच्या सूचनेवरून २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. सभा झाल्या, प्रदर्शनें झालीं, शहरांत ज्वारीचे पोहे व नाचणीचीं बिस्किटें दिसूं लागलीं. मागणी थोडी जागी झाली हें खरें. परंतु हे पोहे करणारे कारखाने कोणाचे? आपण जर पूर्वींप्रमाणें पोतीं बाजार समितींत नेऊन ओतीत राहिलों तर बॅटल क्रीकच्या मका-शेतकऱ्याची जी गत झाली तीच आपली होईल. न्याहारीला ज्वारी परत येईल, आणि तरीही शेतकरी होता तेथेंच राहील.

म्हणून संघानें पुढील गोष्टी हातीं घ्याव्या असें सुचवावेंसें वाटतें.

पहिली गोष्ट, प्रतवारी व चिन्ह. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. मोहोळच्या केंद्रावर मालदांडीतून निवडलेलें वाण आज अनेक दशकें टिकून आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें लाह्यांसाठीं फुले पंचमी, हुरड्यासाठीं फुले उत्तरा व फुले मधुर, पापडासाठीं फुले रोहिणी असे वेगवेगळ्या उपयोगांचे वाण दिले आहेत. आपण मात्र सर्व माल एका ढिगांत मिसळून विकतों आणि मग भाव मिळत नाहीं म्हणून तक्रार करतों. वाणवार, स्वच्छ, वाळलेली ज्वारी एका चिन्हाखालीं विकावी. आणि डेन्मार्कच्या अंड्याप्रमाणें प्रत्येक पोत्यावर सभासदाचा नंबर असावा. ओला अथवा किडका माल आला तर तो आपल्याच सभासदाचा असला तरी परत करावा. हें कठीण आहे, कारण गांवांत सर्व भाऊबंद असतात. पण जी संस्था भाऊबंदकीपुढें माल नाकारूं शकत नाहीं तिच्या चिन्हास बाजारांत किंमत येत नाहीं.

दुसरी गोष्ट, गिरणी. ज्वारीचें पीठ ताजें असेल तरच भाकरी चांगली थापली जाते. जुन्या पिठाची भाकरी फाटते. तेव्हां दळल्याची तारीख घालून लहान पुड्यांत पीठ विकणारी गिरणी तालुक्याच्या गांवीं काढावी. तिच्यासोबत ज्वारीचा रवा, पोहे व लाह्या करण्याची यंत्रें बसवावीं, आणि बाजरी तापवून दळण्याची सोय करावी. ज्वारीचे असे पदार्थ करण्याच्या कृति हैदराबादच्या भारतीय भरड धान्य संशोधन संस्थेपाशीं तयार आहेत. जिच्या घरीं भाकरी थापणें होत नाहीं तिला रव्याचा उपमा दहा मिनिटांत करतां येतो. गिऱ्हाइकानें आपल्या सोयीसाठीं बदलावें अशी अपेक्षा धरण्यापेक्षां आपण त्याच्या सोयीचा माल करावा.

तिसरी गोष्ट, ठरलेलें गिऱ्हाईक. वसतिगृहें, आश्रमशाळा, अंगणवाड्या, रुग्णालयें यांना रोज सकाळीं शेंकडों तोंडांना खाऊं घालावें लागतें. जपानच्या शाळेंतील पावानें एक पिढी वळविली. आपल्या शाळांतील ज्वारीच्या लाह्या, नाचणीची लापशी व गूळ-शेंगदाणे दुसरी पिढी वळवूं शकतील. यासाठीं संघानें जिल्हा परिषदेकडे अर्ज करून न थांबतां प्रथम एका तालुक्यांत वर्षभर नियमित पुरवठा करून दाखवावा. पुरवठा एक दिवसही चुकतां कामा नये.

यावर आक्षेप येतील. यंत्रांस भांडवल कोठून आणावें, असा एक. उत्तर असें कीं १९५० च्या सुमारास नगर जिल्ह्यांत लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व त्यांचे सहकारी यांनीं, डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनानें, शेतकऱ्यांच्या भागांवर साखर कारखाना उभा केला. त्यापुढें पीठगिरणीचा खर्च किरकोळ आहे. आमच्या सकाळच्या चहांतली साखर शेतकऱ्यांच्या कारखान्यांत तयार होते, आणि त्याच बशींतलें बिस्कीट मात्र परक्याचें, ही विसंगति आम्हींच चालूं दिली आहे. दुसरा आक्षेप असा कीं शहरांतली ही आवड चार दिवसांची आहे. तसें असेलही. म्हणूनच श्रीमंतांच्या पुड्यांवर भिस्त न ठेवतां वसतिगृहांवर व आपल्याच घरांवर ती ठेवावी असें वर सुचविलें आहे. तिसरा आक्षेप मजुरीचा. त्यास शब्दांनीं उत्तर नाहीं. रब्बी ज्वारी काढण्याचें सोयीचें व स्वस्त यंत्र लहान शेतकऱ्याच्या हातांत आल्याखेरीज क्षेत्र वाढणार नाहीं, आणि तोंपर्यंत असें यंत्र संघानें सामाईक घेऊन भाड्यानें फिरविणें हाच मार्ग दिसतो.

शेवटीं आपल्या घराविषयीं. सभासदांपैकीं किती जणांच्या घरीं आज सकाळीं आपल्या शेतांतलें धान्य खाल्लें गेलें, याची एक साधी मोजणी संघानें करावी. ती करतांना सकाळच्या बिस्किट-टोस्टांवर महिन्याकांठीं किती रुपये जातात तेंही विचारून घ्यावें, आणि दोन्ही आंकडे येत्या वार्षिक सभेपुढें ठेवावे. गिरणीच्या भांडवलाचा प्रश्न त्यानंतर चर्चेस घ्यावा. तो आंकडा ऐकल्यावर चर्चा लांबणार नाहीं अशी आमची समजूत आहे.